एकेचाळीस बायकांचा निष्कर्ष

मी अकरावी नापास नाही. अकरावी अर्धवट आहे. नापास व्हायला निदान परीक्षेला बसावं लागतं. माझी तेवढीही मजल गेली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मागच्या मोठ्या सुट्टीत मी कॉलेजच्या एका अभ्यासक्रमाची आखणी करत होते असं म्हटलं, की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्या हातातल्या चाव्यांच्या जुडग्याकडे. मी ग्रंथालयात मदतनीस आहे. कपाटं उघडते, कपाटं लावते, मधल्या वेळात वाचते.

मला बोलावलं विभागप्रमुखांनी. सगळं कॉलेज तिला मॅडम म्हणतं. मी तिला घाई म्हणते. विद्यार्थिनी होती तेव्हा माझ्या टायपिंगच्या दुकानात शिरताना तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "ताई, घाई आहे." तेच नाव पडलं. आता केस पिकले, चष्मा आला, पण जिना अजून दोन-दोन पायऱ्यांनी चढते.

"पहिल्या वर्षाच्या पोरांना संशोधन करून लिहायला आणि आपलं म्हणणं मांडायला शिकवायचंय," ती म्हणाली. "पंधरा आठवडे. सोमवारी आराखडा छापायला जाणार. तू ये."

"मी येऊन काय करू? खुर्च्या पुसू?"

"या गावात सगळ्यात जास्त प्रबंध कुणी वाचलेत? मी नाही, प्राचार्य नाहीत. तू वाचलेस. तेसुद्धा अक्षर न अक्षर."

हे मात्र खरं होतं. इलाजच नव्हता, टाइप करायचं तर वाचावं लागतं.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. घाई, मी आणि यंदाच लागलेले नवे सर. नवे सर हुशार, लॅपटॉप उघडल्याशिवाय नमस्कारसुद्धा करत नाहीत. घाईनं टेबलावर एक मोठा कागद पसरला आणि पंधरा चौकोन आखले.

"तळटिपांना चार आठवडे," नवे सर म्हणाले.

"चार आठवडे तळटिपा?" मी म्हटलं. "अहो सर, पोरं वर चढायच्या आधी तळालाच जातील."

"मग तुम्ही कुठून सुरू कराल?"

मी दुकानातली पद्धत सांगितली. टाइप करताना काही खटकलं की मी समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्न लिहायचे. कोण म्हणतं? किती जणांनी सांगितलं? ज्याला हे पटणार नाही तो काय म्हणेल? पोरं भडकायची. "ताई, तुम्ही फक्त टाइप करा हो!" आणि चार दिवसांनी तेच पान गुपचूप सुधारून आणायची.

नव्या सरांनी लॅपटॉप मिटला. "हे पहिले तीन आठवडे," ते म्हणाले, आणि मला पाणी दिलं. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. पन्नाशी ओलांडल्यावर तसं वाटायचे प्रसंग कमी येतात.

दोन दिवसांत दहा चौकोन भरले. अकराव्यावर घाई थांबली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि म्हणाली, "इथे माझा लघुप्रबंध ठेवू. संध्याकाळच्या वर्गांचा."

माझ्या हातातला कप बशीत जोरात आदळला.

"लाजतेस कशाला, नीट ऐक," ती म्हणाली. तिला वाटलं, मी तिच्या वतीनं लाजतेय. "सर, माझं गृहीतक होतं की नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळचे वर्ग सोडतात, कारण वर्ग लांब पडतो. एकेचाळीस बायकांना भेटले. निघालं उलटंच. लांबच्या टिकतात, जवळच्या सोडतात! आणि मी तसं सरळ लिहिलं, की माझा अंदाज चुकला. पोरांना हेच दाखवायचंय. चुकलो असं लिहिता येतं, आणि लिहिल्यावर कुणी खात नाही. ताई, शेवटच्या प्रकरणाच्या बत्तीस झेरॉक्स काढ. सोमवारच्या आत."

नवे सर म्हणाले, "वा."

मी बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला. त्या लघुप्रबंधात तसं काही लिहिलेलं नव्हतं. घाईनं लिहिलं होतं. मी ते टाइप केलं नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वी तिच्या शेवटच्या प्रकरणाचा निष्कर्ष मी बदलला होता आणि ही गोष्ट माझ्याखेरीज जगात कुणालाही ठाऊक नव्हती.

असं होऊ शकतं का, असं कुणीही विचारील. खुशाल होऊ शकतं. घाईनं शेवटचं प्रकरण मुदतीला पाचच दिवस उरले असताना आणून टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परगावी गेली, नोकरीच्या मुलाखतीला. प्रती टाइप मी केल्या, बाइंडरकाकांकडून बांधून मी आणल्या, कचेरीत जमा मी केल्या. ती आली ती थेट तोंडी परीक्षेला. आणि स्वतःचा प्रबंध पुन्हा उघडून वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लग्नाचा अल्बम निदान पाहुण्यांना छळायला तरी बाहेर काढतात.

त्या दिवशी ग्रंथालयात कुणी नव्हतं. मी प्रबंधांच्या कपाटातून तो निळ्या कापडी पुठ्ठ्याचा लघुप्रबंध काढला आणि खिडकीशी बसले. पुठ्ठ्याला अजून खळीचा वास होता, किंवा मला तो हवा होता म्हणून आला.

ते दिवस कसले होते! कॉलेजच्या फाटकासमोर माझं दुकान, आत तीन मशिनं. एक माझं, एक नादुरुस्त आणि एक नादुरुस्त मशिनाला सुटे भाग पुरवणारं. शेजारी बाइंडरकाका, हाताला कायम खळ लागलेली, त्यामुळे कुणाच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली की तिथे पंजा उमटायचा. प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की पोरं बाकावर रांगेनं बसायची, डॉक्टरकडे बसावीत तशी. कुणाचं मार्गदर्शकाशी बिनसलेलं, कुणाचं प्रेमात बिनसलेलं, आणि हे सगळं माझ्या मशिनच्या खडखडाटात मला सांगायचं. मी मातीतल्या जिवाणूंवर टाइप केलं, नदीकाठच्या वस्त्यांवर केलं, कापडाच्या रंगांवर केलं. जे टाइप करीन ते पुढचे दोन महिने घरात बोलायचे. नवरा वीजमीटरचे आकडे घेत गावभर फिरायचा, दमून यायचा आणि विचारायचा, "आज जेवण आहे की निष्कर्षच?"

आणि सासूबाई. त्या दुपारी दुकानात येऊन बसायच्या. कागदांमध्ये कार्बन लावून ठेवणं त्यांचं काम, आणि ताडणी त्यांची. ताडणी म्हणजे मी टाइप केलेलं पान मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी मूळ हस्तलिखितावर भिंग फिरवत ओळ न ओळ जुळवून बघायची. शब्द सुटला की त्या भिंगाची दांडी टेबलावर आपटायच्या. "मागे जा. 'परंतु' खाल्लंस." सातवी शिकलेल्या बाईनं निम्म्या गावाच्या पदव्युत्तर पदव्या तपासल्या, असं मी म्हटलं तर ते बेधडक विधान होईल, पण चुकीचं होणार नाही.

पान बहात्तर उघडलं. 'यावरून अंतर हेच वर्ग सोडण्याचे प्रमुख कारण असल्याचे स्पष्ट होते. सबब असे वर्ग वस्तीच्या जवळ भरवावेत.' माझीच भाषा. 'सबब' हा शब्द घाईनं आयुष्यात वापरला नसेल. तिला तेवढा वेळच नसतो. आणि चार पानं अलीकडे तिचा सहावा तक्ता जसाच्या तसा. घर दहा मिनिटांच्या आत असलेल्या सतरा, त्यांतल्या चौदा जणींनी वर्ग सोडला. लांब राहणाऱ्या चोवीस, त्यांतल्या सहा जणींनी सोडला. तक्ता एक म्हणतोय, निष्कर्ष दुसरंच म्हणतोय. मार्गदर्शकांनी सही केली, बाहेरच्या परीक्षकांनी सही केली. तक्ते कुणीही वाचत नाही, एवढं एक संशोधन त्यातून सिद्ध झालं.

हसू नका. पुढचं ऐका. त्याच कपाटात नंतरचे तीन प्रबंध आहेत, त्यांच्या तळटिपांत घाईचं नाव आणि 'पृ. ७२'. वर्ग वस्तीजवळ भरवावेत, पाहा अमुक. त्यांतले दोन मीच टाइप केले होते. माझं खोटं माझ्याच हातून, माझ्याच मशिनवर, तळटीप होऊन परत आलं होतं, आणि मी ते पानाच्या तळाशी, एका ओळीचं अंतर सोडून, सुबक बसवलं होतं.

मग मनात आलं ते लिहायला आज लाज वाटते. ग्रंथालयात संगणक आहे. खरं शेवटचं पान मला तोंडपाठ होतं. जुन्या मशिनसारखी अक्षरंसुद्धा मिळतात संगणकात. एक पान टाइप करायचं, बत्तीस प्रती काढायच्या, पोरांना वाटायच्या. घाई खूष, पोरं शहाणी, मी सुटले. मी टाइप केलंही. शेवटच्या ओळीवर आले आणि बोटं थांबली. एकदा बदललं ते बदललं. आता ते झाकायला पुन्हा बदलायचं, आणि तेही 'खरं कसं लिहावं' या अभ्यासक्रमासाठी! इतकी विनोदी बाई मी नाही.

पान छापलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि घरी गेले.

"सांगून टाक," नवरा म्हणाला. तो निवृत्त झाल्यापासून सल्ले मीटरसारखे देतो, आकडा तेवढा सांगायचा आणि पुढच्या घरी जायचं.

"ती तोंड बघणार नाही माझं."

"मग नको सांगू."

"वा! म्हणजे तिनं ते वर्गात वाचायला घेतलं की पोरांसमोर पडेल ना तोंडघशी."

"मग तुझं ठरलेलंच आहे. मला कशाला विचारतेस? भाजी जळतेय."

शनिवारी दुपारी घाई ग्रंथालयात आली. "झाल्या झेरॉक्स?"

"बस. एक सांगायचंय."

"चालता चालता सांग, तीनला मला प्राचार्यांकडे—"

"हे बसूनच ऐकायचं आहे, घाई."

ती बसली. मी कपाटाला किल्ली लावून आले, का कुणास ठाऊक. जणू प्रबंध ऐकतील.

"तुझं शेवटचं प्रकरण मी बदललं होतं."

"टाइप करताना चुकलं म्हणतेस?"

"चुकलं नाही. बदललं." आणि पान बहात्तर तिच्यापुढे ठेवलं.

घाईला मी पहिल्यांदाच सावकाश वाचताना पाहिलं. तिनं ते पान वाचलं, मागचं वाचलं, मग तक्त्यापर्यंत गेली आणि परत आली. 'सबब'वर बोट ठेवलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाही."

"पण तोंडी परीक्षेत कुणीच…" ती थांबली. "त्यांनी मला विचारलं, एकेचाळीसच का घेतल्या. आणि मग चहात साखर किती." ती हसली नाही. "चोवीस वर्षं मी वर्गावर्गात सांगतेय, ताई. माझा अंदाज चुकला आणि मी तसं लिहिलं. का केलंस तू असं?"

यावर माझं उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांत मी ते स्वतःलाच इतक्यांदा दिलं होतं की गुळगुळीत झालं होतं. "मला वाटलं तुझीच चूक झालीय. तोवर मी शंभरावर प्रबंध टाइप केले होते. सगळ्यांत पहिल्या प्रकरणात जे वाटतं तेच शेवटच्या प्रकरणात सिद्ध होतं. तुझ्यातच तेवढं उलटं. मला वाटलं घाईघाईत उलटं लिहिलंस, म्हणून मी सुलटं केलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "लोकांच्या तक्त्यांची बेरीज तू स्वतः करून बघायचीस. माझ्या तिसऱ्या तक्त्यात एक बाई जास्त झाली होती ती तू पकडलीस. आणि या तक्त्यात काय म्हटलंय ते तुला कळलं नाही?"

मी प्रबंध मिटायला गेले.

"कळलं नव्हतं तर तक्ताही सुलटा केला असतास. तो तू हलवला नाहीस. म्हणजे बरोबर काय ते तुला माहीत होतं."

अशी मुलगी मी हाताखालून घालवली होती, आणि ती आता माझ्यावरच चालून आली होती. कुठेतरी अभिमान वाटला. बाकी सगळीकडे मेल्याहून मेल्यासारखं.

मग मी तिला ते सांगितलं जे स्वतःलाही सरळ सांगितलं नव्हतं. लग्नानंतर मी याच कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं होतं. घर मागच्या गल्लीत, सात मिनिटांवर. वर्ग सुरू झाला की दाराशी माझी धाकटी नणंद येऊन उभी. "वहिनी, आईनं बोलावलंय, पाहुणे आलेत." "वहिनी, दळण आणायचंय." "वहिनी, आई म्हणते दोनच मिनिटं." वर्ग हसायचा, गुरुजी पुस्तक मिटून थांबायचे. तीन महिन्यांत मी सोडलं. लोकांना सांगायचे, वेळ जुळत नाही.

"आणि मग तुझं पान आलं टाइपाला," मी म्हटलं. "जवळ राहणारी बाई वर्गात बसलेली असली तरी घरच्यांच्या लेखी ती घरातच असते. असं वाक्य होतं त्यात. मी वाचलं आणि माझे हात थांबले. समोर सासूबाई कार्बन लावत होत्या. पान झालं की ताडणीला तेच वाक्य त्यांच्या भिंगाखाली जाणार होतं. आणि मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार होते."

"त्यांचाच राग होता ना तुला?"

"तोवर कुठला राग? राग असता तर दोनदा वाचून दाखवलं असतं. मला दुकान काढायला त्यांनी बांगड्या मोडल्या होत्या, घाई. वर्गातून बोलावून नेलं त्याचं त्यांना काय वाटायचं ते त्या कधी बोलल्या नाहीत, पण रोज दुपारी येऊन चार तास दुसऱ्यांचे प्रबंध ताडत बसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी. त्या बाईला मी ते वाक्य कसं वाचायला देऊ? मी पान खणात सरकवलं, मनानंच दुसरा निष्कर्ष टाइप केला आणि म्हटलं, याचं मूळ ती पोरगी परत घेऊन गेली, ताडणी नको. नंतर ते पान बाइंडरकाकांच्या कातरणात टाकलं."

घाई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं आता बरं वाटावं म्हणून काहीतरी द्यावं. पिशवीतून घडी काढली. "हे घे. तुझं खरं पान. मला पाठ आहे."

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "हे 'घरच्यांच्या लेखी' वगैरे मी लिहिलं होतं?"

"तूच."

"मी तेवीस वर्षांची होते. लग्न नाही, सासर नाही. मला हे वाक्य कुठून सुचणार?"

"त्या एकेचाळीस जणींपैकी कुणीतरी सांगितलं असेल."

"असेल. किंवा चोवीस वर्षांत तुझ्या डोक्यात ते तयार झालं असेल. मला आठवत नाही, ताई. माझा स्वतःचा निष्कर्ष, आणि तो माझा की तुझा हे मला सांगता येत नाहीये." तिनं कागद पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिला. "तुम्ही ठेवा हा."

तुम्ही. इतक्या वर्षांत तिनं मला चिडून 'अगं बाई' म्हटलं होतं, लाडानं 'ए ताई' म्हटलं होतं. 'तुम्ही' कधीच नाही. शिवी दिली असती तर उलटून काही बोलता आलं असतं. ती जिना एकेक पायरीनं उतरून गेली.

रविवार मी घरात नको तेवढी आवराआवर करत काढला. नवऱ्यानं एकदा तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. शहाणा माणूस.

सोमवारी सकाळी नवे सर ग्रंथालयात आले. त्यांच्यामागे घाई. ती माझ्याकडे न बघता कपाटांकडे बघत बोलत होती.

"अकरावा आठवडा ठरला. मुलांना प्रबंध द्यायचा, शेवटचं प्रकरण काढून. तक्ते द्यायचे. निष्कर्ष त्यांनी लिहायचा. मग छापलेला निष्कर्ष वाटायचा आणि ताडून बघायचं. मग तुम्ही वर्गात यायचं आणि उत्तरं द्यायची."

"मी?"

"ज्यांनी लिहिलं त्यांनीच द्यायची."

"पण बाहेरचं कुणी वर्गावर आणायचं तर अर्ज लागतो, त्यात शिक्षणाचा रकाना असतो…" मी पुटपुटले.

"ते मी बघितलंय," नवे सर एकदम उत्साहात म्हणाले. "तुम्हाला व्याख्याता म्हणून दाखवायचंच नाही. स्रोत म्हणून दाखवायचं. पुस्तक, अहवाल, मुलाखत, तसं. स्रोताला पदवी लागत नाही."

घाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढाच. पण हलला.

त्या तीन तळटीपवाल्या प्रबंधांत मी त्याच दिवशी चिठ्ठ्या चिकटवल्या. पृ. ७२ वरचा निष्कर्ष तक्ता क्र. सहाशी जुळत नाही, चौकशी ग्रंथालयात करावी. आतापर्यंत चौकशीला कुणी आलेलं नाही. घाईनं चारचौघांत माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण ते 'तुम्ही' पुढे दोन महिने टिकलं आणि मी ते खाली मान घालून घेतलं. मग एक दिवस जिन्यावरून ओरडली, "अगं ताई, स्टेपलर कुठे ठेवलास?" मी स्टेपलर इतक्या वेगानं घेऊन धावले की पायरी चुकले.

अकरावा आठवडा आला. बत्तीस मुलं, वरच्या मजल्यावरची लांबट खोली. मी मागच्या बाकावर बसले होते. मुलं तक्त्यावर वाकली आणि मला दिसल्या त्या फक्त पाठी. बाकावर बसून दुसऱ्याच्या पाठीकडे बघत ऐकायचं असतं, हे मी विसरलेच होते. फार वर्षांनी मी एका वर्गात पूर्ण तास बसले. कुणी बोलवायला आलं नाही.

सत्तावीस जणांना बरोबर जमलं. चौघांनी म्हटलं, सतरा बायकांवरून काही ठरवता येत नाही, आणि घाईनं त्यांना सगळ्यांत जास्त गुण दिले. एकानं माझ्यासारखंच 'अंतर' लिहिलं. त्याला मी जवळ घ्यायचंच बाकी ठेवलं. मग छापलेलं पान वाटलं गेलं आणि खोलीत माशा घोंगावाव्यात तसा आवाज उठला.

घाई म्हणाली, "हा माझा प्रबंध. निष्कर्ष या बाईंनी बदलला. का बदलला ते त्यांना विचारा. उत्तर पटलं नाही तर तसं लिहा."

मी पुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. वर्ग, नणंद, सात मिनिटं, ताडणी, भिंग, खण. पोरं ऐकताना एकमेकांकडे बघत नव्हती, यावरून कळलं की ऐकतायत. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, पण दांडी टेबलावर आपटण्याची नक्कल मी अशी केली की पहिल्या बाकावरची दोघं दचकली.

एकानं विचारलं, "मॅडमना एवढी वर्षं का सांगितलं नाही?" म्हटलं, भित्री होते. दुसऱ्यानं विचारलं, "आता पस्तावताय?" म्हटलं, तक्त्यासाठी हो, सासूबाईंसाठी नाही, आणि ही दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत हे मला माहीत आहे.

मग कडेच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. तासभर ती काही बोलली नव्हती, नुसती लिहीत होती.

"ते पान कुठे लपवलं होतंत म्हणालात?"

"मशिनच्या टेबलाच्या खणात. बांधणी होईपर्यंत चार दिवस."

"खणात आणखी काय असायचं?"

"काय असणार? कार्बन, कोरे कागद."

"पण कार्बन लावायचं काम तुमच्या सासूबाईंचं होतं ना?"

"हो."

"म्हणजे त्या चार दिवसांत त्यांनी तो खण उघडला असेल."

घाई फळ्याला टेकून उभी होती, ती सरळ झाली. त्या चार दिवसांतली प्रत्येक दुपार मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. सासूबाई कशा बसल्या होत्या, काय बोलल्या, डोळे पुसले ते भिंगामुळे की कशामुळे. काहीही हाती लागेना. त्या चार दिवसांत त्या नेहमीसारख्याच येत होत्या, एवढंच आठवत होतं. आणि शेवटपर्यंत येत राहिल्या.

"त्यांनी वाचलं असेल की नसेल?" मुलीनं विचारलं. खोडसाळपणा नव्हता तिच्या आवाजात. पेन वहीवर टेकलेलं होतं, तिला खरोखरच लिहायचं होतं.

"सांगता येत नाही, बाळ."

"मग मी काय लिहू?"

"तेवढंच लिही," मी म्हटलं, आणि मग मात्र मला खुर्ची लागली.